घरात शिजतं ते विकायचं नाही

हॉटेल काढायचं असेल तर खुशाल काढ, पण आपल्या घरात जे शिजतं ते तिथं विकायचं नाही, एवढी एकच अट आईनं घातली होती. मी लगेच हो म्हणून टाकलं. तेव्हा ती अट मला इतकी किरकोळ वाटली की मनातल्या मनात हसू आलं. आमच्या घरात शिजतं तरी काय? भाकरी, एखादी भाजी, आमटी, सणावाराला पोळ्या. बाहेर जगात खाण्याचे इतके प्रकार पडलेत, त्यातलं आपलं थोडंसं सोडलं तर काय बिघडणार होतं?

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. गाड्यांच्या सीटांची शिलाई तपासायची, उसवलेली दिसली की बाजूला काढायची, हे माझं काम. कॉन्ट्रॅक्टवर होतो, पण कॉन्ट्रॅक्ट दर वेळी वाढायचं, म्हणून ते कॉन्ट्रॅक्ट आहे हेच मी विसरून गेलो होतो. मग एका सकाळी गेटवर कार्ड टेकवलं तर लाल दिवा लागला. रोज मला रामराम घालणारा वॉचमन दुसरीकडे बघत म्हणाला, एचआरला भेटा. भेटलो. तिथल्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि कंपनीची अडचण समजावून सांगितली. मला सगळं समजलं, फक्त मी आता काय करायचं ते समजलं नाही. शिलाई बघण्यापलीकडे मला काहीही येत नव्हतं.

घर आमचं चऱ्होलीत. जमीन होती ती वडिलांनी हयातीतच विकली आणि तिच्यावर आता सोसायट्या उभ्या आहेत. त्यांची नावं अशी इंग्रजी की आईला अजून उच्चारता येत नाहीत. ती सोसायट्यांना अजून आमच्या शेतांच्या नावांनीच ओळखते. एकीला 'खालचं वावर' म्हणते, दुसरीला 'आंब्याचं'. आमच्याकडे उरला तो रस्त्याकडेचा पट्टा. त्यावर पुढं एक मोठा गाळा, मागं आमचं घर.

गावातले माझ्या वयाचे निम्मे लोक भाड्यावर जगतात. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून चौकात उभं राहायचं, राव राव करत एकमेकांना चहा पाजायचा, दुपारी झोपायचं आणि महिना उलटला की खोल्यांवरून एक चक्कर मारायची. भाडेकरू त्यांना मालक म्हणतात. मला या शब्दाची चीड आहे. ज्याला काही करायचं उरलेलं नाही त्याला हा शब्द देतात, असं माझं मत. गाळा भाड्यानं मागायला लोक रोज येत होते आणि मी त्यांना हाकलून लावत होतो. मला तो स्वतः चालवायचा होता. नाहीतर उरलेलं सगळं आयुष्य मी चौकात उभं राहून काढणार, हे मला दिसत होतं आणि त्याची मला खरीखुरी भीती वाटत होती.

तर हॉटेल. पण कसलं? ते ठरवायला मी आणि बायको गाडीवरून हॉटेलं बघत फिरायला लागलो. बघणं म्हणजे खाणं आलंच. काळेवाडीत एका टपरीवजा हॉटेलात मिसळ खाल्ली, कुठं बिर्याणी, कुठं ते चीज ओतलेलं काहीतरी. बायको प्रत्येक ठिकाणी पहिला घास खाऊन गप्प बसायची आणि बाहेर आल्यावर त्यात काय कमी होतं ते सांगायची. ती मावळातली. तिच्या हाताला चव आहे हे आमच्या भावकीत सगळे मान्य करतात, अगदी ज्यांचं आमच्याशी पटत नाही तेसुद्धा.

माण गावात एका हॉटेलाबाहेर आम्हाला रांगेत उभं राहावं लागलं. गळ्यात कंपनीचे पट्टे घातलेली आयटीतली पोरंपोरी टोकनचा नंबर लागायची वाट बघत ताटकळली होती. आत काय, तर पिठलं, भाकरी, ठेचा आणि कांदा. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं आधी भाकरीचा फोटो काढला. आमच्या पुढ्यात आलेली भाकरी कडेला कच्ची होती आणि तिला पदर सुटलेला नव्हता. बायकोनं ती मोडली, बोटात दाबून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली की हे तर आपलं रोजचंच आहे, आणि एवढं बोलून तिचा चेहरा असा काही उजळला की तो मला अजून आठवतो. परतीच्या वाटेवर गाडीवर मागं बसून ती सारखी बोलत होती. भाकरी ती करणार, हाताखाली शेजारच्या दोघी घेणार, पिठलं कसं, ठेचा कुठल्या मिरचीचा, सगळं तिनं ठरवूनही टाकलं. लग्न झाल्यापासून मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनंच विषय काढला. आई भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि निवडता निवडताच नाही म्हणाली. अट आधी सांगितली होती, तुम्ही हो म्हणाला होता, आता त्यात बदल नाही.

या अटीमागं काय आहे ते मला ठाऊक होतं, फक्त ती इतकी घट्ट असेल हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे शेत होतं तेव्हा खुरपायला आलेल्या बायका, औत हाकणारे, वाट चुकलेले, सगळे आईच्या ओट्यावर जेवायचे. आईसाठी त्यात दानधर्म वगैरे काही नव्हतं. दुपारी दारात माणूस आहे म्हणजे त्याला भाकरी द्यायची, बस. पुढं आमच्याच विकलेल्या वावरात इमारतीचा पाया खणायचं काम सुरू झालं, तेव्हा तिथला एक मजूर संध्याकाळी आला. त्याची बायको तापानं पडली होती, दोन भाकरी मिळतील का म्हणाला. आईनं दिल्या, वर कोरड्यास म्हणून वांगंही दिलं. दुसऱ्या दिवशी तो उंबऱ्यावर काही नाणी ठेवून गेला. आईला ती दिसली आणि तिचा संताप झाला. ती नाणी पदरात बांधून ती त्याच्या खोपीपर्यंत गेली, त्याच्या हातात दिली, आणि त्याच्या आजारी बायकोसमोर त्याला चांगलं फैलावर घेतलं. जाताना तिनं आणखी भाकरी नेल्या होत्या, हेही सांगायला हवं.

म्हणून मी अटीत बसणारं हॉटेल शोधायला लागलो. रोज संध्याकाळी आईसमोर एकेक पदार्थाची सुनावणी व्हायची. मिसळ? मटकीची उसळ आपण करतो, नाही. पोहे, उपमा? उघडच नाही. मटण? आखाडात शिजतं की, नाही. वडापावचं जरा लांबलं. बटाट्याची भाजी घरातली, पाव बाहेरचा, मग एकूण पदार्थ कुणाचा? आईनं रात्रभर विचार करून सकाळी सांगितलं की भाजी आत आहे म्हणजे घरातलाच. बिर्याणीला तिची हरकत नव्हती, पण त्या रस्त्याला बिर्याणीवाले आधीच दाटीवाटीनं बसलेले. डोसा तिनं मंजूर केला. ते आपलं न्हाई, म्हणाली. चायनीजलाही हरकत नाही. ते काय असतं हे तिनं विचारलंसुद्धा नाही.

अशा रीतीनं मी डोसा आणि चायनीजचं हॉटेल काढलं. लोक आपल्याला येतं त्याचं दुकान थाटतात. मला आणि माझ्या बायकोला जे अजिबात येत नव्हतं ते शोधून शोधून मी त्याचं दुकान थाटलं. उद्घाटनाला गावातले सगळे आले, फुकट खाऊन गेले, भावा जोरात चालणार बघ, म्हणाले. बायकोनं पाहुण्यांना पेढे वाटले. त्या दिवशी तिच्याकडे कुणी काही काम दिलं नव्हतं, म्हणून ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन नुसती फिरत होती.

चायनीजला एक पोरगा होता, डोसा-सांबाराचा आचारी दक्षिणेकडचा. माणूस हुशार, पण मिजास भारी. मी त्याच्याशी हिंदीत बोलायचो, तो मला मालक म्हणायचा, आणि मी त्याच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखा उभा असायचो. सांबार कसं असायला हवं हेच मला माहीत नव्हतं, तर ते बिघडलं आहे हे मी कशावरून ओळखणार? शिलाईचा एक टाका सुटलेला मला हातभरावरून दिसायचा. इथं मी चमचा तोंडात घालायचो, मान हलवायचो आणि बाहेर येऊन गल्ल्यावर बसायचो. समोरच्या सोसायट्यांतली माणसं सुरुवातीला आली. मग कमी झाली. एका काकांनी निरोप घ्यावा तसं सांगितलं की चव रोज वेगळी लागते. मला ते ऐकून रडू आलं होतं. मी पुन्हा या म्हणालो.

थंडी पडली आणि आचारी एक दिवस आलाच नाही. माणच्या बाजूला कुठं चांगला पगार मिळाला म्हणून गेला, असं नंतर कळलं. दुसरा मिळेना. तेव्हा बायको पुढं आली. मी शिकते, म्हणाली. हॉटेलावरून तिचं मन केव्हाच उडालं असेल असं मला वाटत होतं, पण तिनं हट्टानं डाळ-तांदूळ भिजवायला घेतले. घरीच, कारण हॉटेलात कुणी बघत असताना चुकायची तिला लाज वाटत होती. पीठ आंबेना. मग ती पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायला लागली. रोज संध्याकाळी आमच्या ताटात तिचे फसलेले डोसे यायचे. मग अर्धे फसलेले. आणि मग एके संध्याकाळी असा डोसा आला की आईनं तो संपवून ताट पुन्हा पुढं केलं. आणखी एक दे, म्हणाली. मी बायकोकडे बघितलं. ती तव्याकडे तोंड करून हसत होती. निभावणार, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पिठाचं पातेलं धरून पुढच्या दारानं निघालो. आई ओट्यावर बसली होती. कुठं नेता, विचारलं. हॉटेलात, मी म्हणालो. त्यावर ती शांतपणे म्हणाली की हे तर आता आपल्या घरात शिजतं.

मला वाटलं, थट्टा करते. पण आई असली थट्टा करत नाही. काल तिनं ते खाल्लं होतं, पोटभर, सुनेच्या हातचं, आपल्या घरात बसून. म्हणजे ते आता आपलं झालं. आपलं झालं म्हणजे विकायचं नाही. तिच्या बाजूनं ते अगदी सरळ होतं.

मी पातेलं खाली ठेवलं. मग मी जे बोललो ते ओरडून बोललो, रस्त्यावर टँकरवाला थांबून बघत होता. मी म्हणालो, "सगळी जमीन विकली तेव्हा तुझ्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही. आणि आता भाकरीवर येऊन अडतेस?"

आईचा आवाज चढला नाही. "जिमीन तुज्या बापाची व्हती. त्यानं इकली. मला कुनी इचारलं? भाकर तेवढी माझी हाय. ती कुनाला द्यायची, कशी द्यायची, ते माझं मी ठरवनार."

सह्या करायला तिला नेलं होतं तो दिवस मला आठवत होता. तिनं अंगठा उठवला होता आणि मग दिवसभर बोटाची शाई घासत बसली होती.

बायको पातेल्यापाशीच उभी होती. ती आईकडे न बघता, पातेल्याकडे बघत म्हणाली, "मग माझी भाकर कुणाची, आत्या?"

आईनं उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. बायको थोडा वेळ थांबली, खरंच थांबली, आणि मग पातेलं उचलून घरात घेऊन गेली. ते पीठ आम्ही पुढं कितीतरी दिवस खाल्लं, आंबट होत गेलं तरी.

हॉटेल त्यानंतर फार टिकलं नाही. चायनीजवर थोडे दिवस रेटलं, मग तेही बंद केलं. शटर ओढलं त्या दिवशी मी आत बराच वेळ बसलो होतो. दुःख झालं म्हणतात ना, तसलं काही झालं नाही. आत एक पोकळ जागा झाली आणि ती अजून तशीच आहे. पुढच्याच महिन्यात गाळा भाड्यानं दिला. पहिलं भाडं घेताना तो माणूस म्हणाला, घ्या मालक. मी घेतलं. दुसऱ्या दिवशी मी चौकात उभा होतो आणि कुणीतरी मला चहा पाजला.

भाडेकरू मराठवाड्यातला, पस्तिशीचा, बोलायला गोड आणि कामाला वाघ. त्यानं तिथं काय काढलं असेल? चुलीवरची भाकरी. भिंतीवर हिरव्या लुगड्यातली बाई चुलीपुढं बसलेली रंगवून घेतली. बैलगाडीची चाकं आणली, कंदील टांगले, त्यात बल्ब. मातीच्या चुली बांधल्या आणि त्यांच्या आत गॅसच्या शेगड्या बसवल्या. मधे एक मोठी काच, म्हणजे गिऱ्हाइकाला भाकरी थापताना दिसली पाहिजे. पहिल्या रविवारपासून बाहेर रांग लागली. रांगेत ते आमच्याकडे येणारे काकाही होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

त्याला भाकरी करणाऱ्या बायका हव्या होत्या. बायकोनं एका सकाळी मला सांगितलं की ती जाणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. आपल्याच गाळ्यात दुसऱ्याच्या हाताखाली? लोक काय म्हणतील, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ती म्हणाली की आत्यांची अट मोडत नाही, ती भाकरी आपल्या घरात शिजलेली नसेल. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ती सकाळी जाते ती अंधार पडल्यावर येते. मधे दुपारी येऊन आमचा वरणभात लावून जाते. भाकरी तिच्याच्यानं होत नाही, हात उचलत नाहीत म्हणते. आईचे हात आता थरथरतात, तिला थापता येत नाही. मला येतच नाही. आमच्या घरात आता भाकरी शिजत नाही. आईचं जेवण कमी कमी होत गेलं. भात पोटात राहत नाही, एवढंच ती सांगायची.

गेल्या आठवड्यात मला ते बघवेना. संध्याकाळी उठलो, पुढं गाळ्यात गेलो आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहून दोन भाकऱ्या मागितल्या. भाडेकरू गल्ल्यावर होता. मी पैसे पुढं केले तर त्यानं माझा हात धरून मागं सारला. "राहू द्या मालक. भाकरीचे कसले पैसे घ्यायचे?" म्हणाला. मागं उभे असलेले लोक कौतुकानं हसले. मी कागदात गुंडाळलेल्या भाकऱ्या घेऊन घरी आलो.

आईच्या ताटात एक ठेवली. तिनं ती लगेच मोडली नाही. काठावरून बोट फिरवलं. बायकोची भाकरी एका बाजूला जराशी जाड राहते, फिरवताना तिचा डावा हात मागं राहतो म्हणून. आईला लग्नानंतर पहिल्या महिन्यापासून ते माहीत आहे आणि त्यावरून तिनं सुनेला बरंच बोलूनही घेतलं आहे. बोट त्या जाड काठावर थांबलं.

"पैसं दिलं का?"

मी सांगितलं की तो घेईना. भाकरीचे कसले पैसे, असं म्हणाला.

मला वाटलं होतं, आईला बरं वाटेल. जन्मभर ती जे म्हणत आली तेच त्यानं म्हटलं होतं. पण आईनं ताट हातानं पुढं सरकवलं. "त्यो कोन न्हाई म्हननारा? त्याची हाय व्हय? तिची भाकर हाय ती. जा, पैसं दिऊन ये."

बायकोनं पातेल्यापाशी उभं राहून विचारलं होतं त्याचं उत्तर हे असं आलं, ती घरात नसताना. मी पुन्हा गाळ्यात गेलो. काचेपलीकडे बायको चुलीपुढं बसली होती, तिची पाठ माझ्याकडे होती, आणि तिच्या वर भिंतीवरची ती हिरव्या लुगड्यातली बाई. हाक मारून सांगावं असं वाटलं. पण काचेतून आवाज जात नाही, आणि रांग मोठी होती. मी पैसे गल्ल्यावर ठेवले आणि या वेळी हात मागं घेतला नाही. भाडेकरूनं खांदे उडवले, पैसे उचलले आणि ड्रॉवरमध्ये टाकले.

घरी आलो तेव्हा आई वाट बघत होती. तिला दिले का, तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मग तिनं भाकरी मोडली.